क्रांती कशाला म्हणायचं? आठ रविवारांच्या वाचनगटासाठी मदत हवी

वाचनगट_परळ

नमस्कार मंडळी. परळला आठ रविवारांचा वाचनगट सुरू होतोय, दर वेळी दोन तास. वीसेक माणसं येतील. निम्मी कॉलेजातली, उरलेली पाणी, पुनर्विकास, फेरीवाल्यांचे परवाने अशा कामांत आपापल्या वस्तीत राबणारी. पहिल्यांना 'क्रांती' या शब्दाचं भलतंच आकर्षण, दुसऱ्यांना त्याचा कंटाळा. दुसरी मंडळी म्हणतात, वॉर्ड ऑफिसात अर्ज पुढे कसा सरकवायचा ते आधी सांगा, फ्रान्सचं नंतर बघू.

माझं तीन ठिकाणी अडलंय. क्रांती, बंड, आंदोलन यांत फरक करायला पाठ्यपुस्तकी व्याख्येपेक्षा उपयोगी अशी कामचलाऊ कसोटी आहे का? मुंबईतलं एकच उदाहरण खोलात घ्यायचं तर कोणतं? आणि 'नेता नको, सगळे समान' म्हणणारी आंदोलनं सहा महिन्यांत का विस्कटतात, रचना कशी असावी? पुस्तकांची यादी नको, ती कुठेही मिळते.

निवृत्त_मुद्रितशोधक

शब्दापासूनच सुरुवात करा, अर्धा तास पुरतो. 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडणं. संक्रांतीत तोच धातू. पंचांगातलं क्रांतिवृत्त म्हणजे सूर्याचा वर्षभराचा भासमान मार्ग. गंमत अशी की इंग्रजांचा 'रेव्होल्यूशन'ही आकाशातूनच राजकारणात उतरला, पण फिरून मूळ जागी येणं या अर्थाने. १६६० साली इंग्लंडात राजा परत गादीवर बसला, तेव्हाही हाच शब्द वापरला गेला. मागे न वळणारी नवी सुरुवात हा अर्थ १७८९ च्या फ्रेंच क्रांतीनंतर रुळला. आपला शब्द ओलांडण्याचा, त्यांचा फिरून येण्याचा. बऱ्याच क्रांत्यांच्या बाबतीत त्यांचाच खरा ठरला, पण ते अवांतर.

कामचलाऊ कसोटी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स टिलीची घ्या. तो क्रांतिकारक परिस्थिती आणि क्रांतिकारक निष्पत्ती वेगळी करतो. एकाच मुलखावर दोन सत्ता हक्क सांगतायत आणि लोकांचा लक्षणीय हिस्सा दुसरीचा हुकूम मानतोय, ही झाली परिस्थिती. १९१७ च्या पेट्रोग्राडमध्ये, म्हणजे रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, हंगामी सरकार एकीकडे आणि सोव्हिएट, म्हणजे कामगार-सैनिकांच्या प्रतिनिधींची परिषद, दुसरीकडे. सोव्हिएटने पहिल्याच आदेशात सैनिकांना सांगितलं की आमच्या ठरावाशी विसंगत असेल तो लष्करी हुकूम पाळू नका. दोन सत्ता म्हणजे काय, ते या एका वाक्यात दिसतं. सत्ता प्रत्यक्ष नव्या हातांत गेली आणि तिथे टिकली, तर ती निष्पत्ती. बहुतेक वेळा परिस्थिती येते आणि निष्पत्ती येत नाही.

ही कसोटी श्रीलंकेला लावून बघा. ९ जुलै २०२२ ला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासात घुसले, काही दिवसांत गोटाबाया देश सोडून गेले. पण २० जुलैला नवा राष्ट्राध्यक्ष निवडला तो त्याच जुन्या संसदेने. सत्तेची खरी अदलाबदल सप्टेंबर २०२४ च्या मतपेटीतून झाली. मग क्रांती कुठली, जुलैमधली की सप्टेंबरमधली? या एका प्रश्नावर तुमचा एक रविवार जाईल, जाऊ द्या.

संयुक्त महाराष्ट्रालाही लावा. १ मे १९६० ला राज्य मिळालं, मागणी जवळपास पूर्ण झाली, शंभरावर माणसं हुतात्मा झाली. तरी जमिनीची आणि गिरण्यांची मालकी जिथल्या तिथे राहिली. म्हणून ते यशस्वी आंदोलन. क्रांती न म्हटल्याने त्याचं मोल कमी होत नाही, हे मात्र पोरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर भांडण पेटेल.

याला जोडून राजकीय विचारवंत हॅना अरेंटचा मुद्दा घ्या. जोखड काढणं ही मुक्ती. त्यानंतर चार लोकांना एकत्र बसून कारभार ठरवता येईल अशी जागा उभी करणं हे स्वातंत्र्य. क्रांत्या पहिल्यावर दमतात. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात डॉ. आंबेडकर याच्या अगदी जवळ येतात: २६ जानेवारीपासून राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता, आणि हा विरोध फार काळ चालू दिला तर लोकशाहीचा डोलारा उडेल. मराठी वाचकाला पाच मिनिटांत कळणारी मांडणी आहे. अरेंट नंतर आली तरी चालेल.

लालबाग१९२८

एक उदाहरण म्हणजे गिरणगाव, यात वादच नको. पण सगळे १९८२ च्या संपापासून सुरू करतात आणि तिथे भावनांचा पूर येतो. १९२८ घ्या, ८२ शेवटी घ्या.

१९२८ चा संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला. वादाचं मूळ यंत्राशी होतं: दोन साचे, म्हणजे माग, बघणाऱ्याने तीन बघावेत, कातणाऱ्याने सूतकताईच्या यंत्राच्या एकाऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात. मजुरी थोडी वाढणार, माणसं मात्र कमी होणार. या संपातून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनची, म्हणजे लाल बावट्याची, सभासदसंख्या त्या डिसेंबरात ५४ हजारांवर गेली. युनियनची ताकद गिरणी कमिट्यांत होती. प्रत्येक गिरणीत खात्याखात्याचे प्रतिनिधी. त्याआधी कामगार आणि ऑफिस यांच्या मधे जॉबर होता: नोकरी तो लावायचा, रजा तो द्यायचा, उसनवारीही त्याच्याकडूनच. कमिटीने त्याची जागा बळकावायला घेतली. निवृत्तसाहेबांच्या भाषेत, खात्याच्या दारात दोन सत्ता उभ्या राहिल्या. हुकूम कोणाचा पाळायचा, हा पेट्रोग्राडचा प्रश्न परळमध्ये असा दिसत होता.

आता यातली एक बारीक गोष्ट, जिच्यावर अख्खा रविवार खर्च करावा. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार बरा होता आणि तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं साधन. त्यातली सुताची कांडी संपली किंवा धागा तुटला की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला, म्हणून विटाळ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये आग्रह धरला की साचेखातं सर्वांना खुलं करा ही मागणी संपाच्या मागणीपत्रात आली पाहिजे, आणि ती लाल बावट्याच्या पुढाऱ्यांच्या गळी सहजासहजी उतरली नाही. 'जनता' हा शब्द हवेत असतो. ती प्रत्यक्षात कोण आहे ते मागणीपत्रात कोणाची ओळ आहे यावरून कळतं. तुमच्या वस्तीतल्या मंडळींना सांगा, आपापल्या आंदोलनाचं मागणीपत्र घेऊन या आणि त्यात भाडेकरूंची, पोटमाळ्यावर राहणाऱ्यांची ओळ आहे का ते बघा.

मग पडझड. २० मार्च १९२९ ला कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरच्या मेरठ खटल्यासाठी देशभर धरपकड झाली, मुंबईचे वरचे पुढारी एका दिवसात आत गेले. महिन्याभरात, एप्रिलच्या शेवटी, दुसरा मोठा संप पुकारला गेला आणि तो मोडला. कारणं अनेक आहेत. नुकताच सहा महिन्यांचा संप झालेला, कामगाराच्या खोलीत शिल्लक काही नाही, वाण्याची उधारी चढलेली. पण वाटाघाटीला बसणारी अनुभवी माणसं तुरुंगात आणि दुसरी फळी कच्ची, हेही खरं. कमिट्या माणसं बाहेर काढू शकत होत्या, पण कुठे थांबायचं हे ठरवण्याची सवय त्यांना लागलेली नव्हती.

१९८२ थोडक्यात. १८ जानेवारीला सुरू, अडीच लाखांच्या आसपास कामगार, मागे न घेतलेला संप. एकजूट कमी पडली असं म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं, एकजूट अफाट होती. अडलं दोन ठिकाणी. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात सौदा करण्याचा हक्क फक्त 'प्रातिनिधिक' युनियनला. राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे ती मान्यता होती आणि कामगार संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्या मागे होते. ज्याच्यामागे माणसं त्याला सहीचा अधिकार नाही, ज्याला अधिकार त्याच्यामागे माणसं नाहीत. दुसरं, काम बंद केल्याने मालकाचं जितकं अडायला हवं होतं तितकं अडलं नाही. कापड यंत्रमागावर निघत होतं, गोदामात माल पडून होता, आणि काही गिरण्यांच्या बाबतीत यंत्रापेक्षा खालची जमीनच महाग होऊ लागली होती. कामगार मोठ्या संख्येने गावी गेले. त्यामुळे पोट भरलं आणि संप लांबला. त्यामुळेच गेटवर माणूस राहिला नाही. आपण जे रोखून धरतोय त्यावाचून समोरच्याचं किती दिवस चालेल, हा हिशोब पहिल्या आठवड्यात करायचा असतो.

आकडेमोड्या

वरचं सगळं वाचून कोणीतरी 'साडेतीन टक्के' काढणारच, म्हणून आधीच लिहितो.

राज्यशास्त्राच्या अभ्यासक एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा तपासल्या. अहिंसक मोहिमांपैकी सुमारे ५३ टक्के यशस्वी, सशस्त्रांपैकी २६ टक्के. त्यातूनच पुढे आलेलं निरीक्षण असं की देशाच्या लोकसंख्येच्या साडेतीन टक्के लोक ऐन भरात सामील असतील तर मोहीम सहसा हरत नाही. व्हॉट्सॲपवर याचा मंत्र झालाय. तीन चुका नेहमी होतात.

पहिली, टक्केवारी देशाची आहे, शहराची नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाख ४२ हजार. साडेतीन टक्के म्हणजे ४ लाख ३५ हजार. हा आकडा फलकावर छान दिसतो, पण भारताच्या १२१ कोटींवर हिशोब सव्वाचार कोटींच्या घरात जातो. दुसरी, त्या यादीत फक्त राजवट उलथवणं, परकी सत्ता घालवणं, वेगळं होणं अशा टोकाच्या मागण्यांच्या मोहिमा आहेत. नळजोडणी, मजुरी, झाडं यांना तो नियम लावायला आधारच नाही. तिसरी, हे मागे वळून पाहिलेलं निरीक्षण आहे, पाककृती नव्हे. बहारीनमध्ये २०११ साली त्याहून कितीतरी जास्त लोक उतरले आणि मोहीम चिरडली गेली. २०१० नंतर तर अहिंसक मोहिमांच्या यशाचं प्रमाण एकूणच घसरलंय.

गर्दी मोजायची तर नीट मोजा, वाचनगटात हा खेळ मजेदार होतो. हर्बर्ट जेकब्सची जुनी रीत: सैल उभ्या गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, चेंगराचेंगरीच्या बेतात अडीच. मैदानाचा १५० फूट बाय ८० फुटांचा तुकडा म्हणजे १२ हजार चौरस फूट. सैल असेल तर १,२००, दाट असेल तर २,६००च्या वर काही. आयोजक त्याच तुकड्यावर '२० हजारांचा जनसागर' छापतात. चालत्या मोर्चाला हे लागू नाही. तिथे एका ठिकाणी उभं राहून मिनिटाला किती रांगा जातात ते मोजायचं: रांगेत ६ जण, मिनिटाला २० रांगा, ५० मिनिटं, झाले ६ हजार. मोजणारे दोन ठिकाणी ठेवा, सुरुवातीला आणि शेवटाजवळ. दोन आकड्यांतला फरक म्हणजे वाटेत गळालेली माणसं, आणि आयोजकाला तोच आकडा जास्त कामाचा.

कलम१९

निवृत्तसाहेबांनी २५ नोव्हेंबरच्या भाषणाचा अर्धाच भाग दिलाय. त्याच भाषणात 'अराजकाचं व्याकरण' आहे, आणि ते तुमच्या गटाला पेलावंच लागेल.

बाबासाहेबांना फक्त हिंसा नको होती, असं सांगून ते गुळगुळीत करू नका. त्यांनी रक्तरंजित मार्गांबरोबर कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह यांचीही नावं घेतलीत. घटनात्मक मार्ग खुले नव्हते तेव्हा हे मार्ग समर्थनीय होते, आता खुले झाल्यावर नाहीत, असा तो युक्तिवाद. आणि हे म्हणणारा माणूस १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९३० चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि ७ नोव्हेंबर १९३८ चा औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धचा मुंबईतला एक दिवसाचा संप चालवलेला आहे. त्यामुळे प्रश्न असा पडतो: 'खुला' मार्ग कशाला म्हणायचं? कागदावर आहे त्याला, की अर्ज टाकल्यावर उत्तर येतं त्याला? बाजू घेण्याआधी दोन्ही बाजू मांडायला लावा. माझं मत विचाराल तर शांततेने, विनाशस्त्र जमणं हे राज्यघटनेच्या कलम १९(१)(ख) मध्येच आहे, तेव्हा मोर्चा अराजकाच्या व्याकरणात मोडत नाही. रस्ता अडवून बसणं मोडतं. मधल्या पट्ट्यावर वाद आहे.

संपाबद्दल एक दुरुस्ती, कारण कॉलेजातली मंडळी हमखास चुकतात. संघटना करणं मूलभूत हक्क आहे. संप नाही, तो कायद्याने दिलेला आणि कायद्याने बांधलेला हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाची ही भूमिका १९६० च्या दशकापासूनची.

वस्तीतल्या मंडळींसाठी व्यवहाराचं. मुंबईत धरणं-मोर्चाची जागा म्हणजे आझाद मैदान, तेही मैदानाचा ठरलेला भाग आणि पोलिसांची लेखी परवानगी घेऊन. अर्जात तारीख, वेळ, अंदाजे संख्या, जबाबदार व्यक्तींची नावं, ध्वनिक्षेपक हवा की नको, सगळं लागतं. संख्या फुगवू नका. ५ हजार लिहून ३० हजार आले तर अटी मोडल्याचा ठपका अर्जावर सही करणाऱ्यावर येतो. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद.

जुनी कलमं पाठ असलेले लोक अजून १४४ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून तोच मनाई आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली निघतो. मुंबईत शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ खालचे आदेश अधूनमधून चालूच असतात. मोर्चाआधी कार्यकर्त्याच्या घरी येणारी नोटीस पूर्वी १४९ ची असायची, आता १६८ ची. नोटीस घ्यावी, तारीख-वेळ टाकून सही करावी, फोटो काढून वकिलाला पाठवावा. नोटीस म्हणजे अटक नव्हे, हे घरच्यांना आधी समजावलेलं बरं, नाहीतर आई-वडील घाबरून दार उघडत नाहीत आणि प्रकरण उगाच वाढतं. अटक झाली तर २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर, प्रवासाचा वेळ सोडून. सूर्यास्त ते सूर्योदय महिलेला अटक अपवादानेच, तीही महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेऊन. वकिलाचा नंबर मनगटावर पेनाने लिहा, फोन काढून घेतात.

बंद पुकारायचा मोह झाला तर एवढं लक्षात ठेवा: २००३ च्या मुंबई बंदबद्दल उच्च न्यायालयाने २००४ मध्ये दोन पक्षांना प्रत्येकी २० लाखांचा दंड केला होता. पक्षांना तो झेपला असेल, चाळ कमिटीला नाही.

नळजोडणी

तिसऱ्या प्रश्नावर कोणीच नीट बोललं नाही, आणि खरं दुखणं तेच आहे.

'आमच्यात नेता नाही' याचा अर्थ नेता नाही असा होत नाही. तो निवडलेला नाही, म्हणून त्याला काढताही येत नाही. अमेरिकी स्त्रीवादी लेखिका जो फ्रीमन (Jo Freeman) यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या स्त्री-मुक्ती गटांबद्दल हे मांडलं: रचना नाकारली की मैत्रीच्या जाळ्यातली चार माणसं कारभार करतात आणि त्यांना जाब विचारायची सोय उरत नाही. मुंबईत हे बघायला अमेरिकेपर्यंत जायला नको. झोपडपट्टीतली गट नळजोडणी बघा. पाच-पंधरा घरांमागे एक जोडणी, एक मीटर, बिल एकाच्या नावावर, तो सेक्रेटरी. पैसे तो गोळा करतो, पावती क्वचित. कोणाला पाइप जोडू द्यायचा ते हळूहळू तोच ठरवू लागतो. दोन महिने बिल थकलं की पाणी सगळ्यांचं जातं, मग ज्याने पैसे भरलेत तोही गप्प. यात कोणी बदमाश असावा लागत नाही. कागद, पैसे आणि ऑफिसातली ओळख एका माणसाकडे साठली की हे आपोआप होतं. आंदोलनातही साठतं तेच, फक्त तिथे कागदाच्या जागी ग्रुपची ॲडमिनकी आणि पत्रकारांचे नंबर.

त्यामुळे रचना साठवण फोडणारी हवी. शे-दीडशे घरांच्या वस्तीला सात ते नऊ जणांची समिती पुरते. गल्लीनिहाय निवड, निम्म्या बायका, कारण पाणी भरायला पहाटे तीनला उठतात त्या. खजिनदार आणि पैसे गोळा करणारा वेगळे. खातं दोन सह्यांचं, तिसरी पर्यायी. जमाखर्च दर महिन्याला गल्लीच्या तोंडावर चिकटवायचा, ग्रुपवर टाकला की तो वर सरकून जातो. वाटाघाटीला किमान तिघं, आणि त्यांतला एक दर वेळी नवा, म्हणजे दुसरी फळी तयार होते. लालबागकरांनी १९२९ चं जे सांगितलं त्यावर दुसरा उतारा मला माहीत नाही. एकट्याने साहेबाच्या केबिनमध्ये चहा प्यायचा नाही, हा नियम लेखी ठेवा. हसू येतं, पण फूट तिथूनच पडते.

सगळ्यात महत्त्वाचं, कुठे थांबायचं ते सुरू करण्याआधी ठरवा. दहा मागण्यांपैकी कोणत्या तीन मिळाल्या तर उठायचं, कोणती एक नाही मिळाली तर उठायचं नाही, आणि हे बदलायचं असेल तर कोणाच्या मताने. हे न ठरवता उपोषणाला बसलं की सहाव्या दिवशी निर्णय वैद्यकीय अहवाल घेतो.

मागणी मिळाल्यावर काय होतं तेही शिकवा. मार्च २०१८ चा किसान लाँग मार्च घ्या: नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर, सहा दिवस चालून १२ तारखेला आझाद मैदान. शेवटचा टप्पा, शीवजवळच्या सोमय्या मैदानापासूनचा, दहावीच्या परीक्षार्थींची अडचण नको म्हणून रात्रीच चालून काढला. त्या एका निर्णयाने शहर त्यांच्या बाजूला आलं. डबेवाल्यांपासून सोसायट्यांपर्यंत लोक पाणी, खाणं, चपला घेऊन उभे राहिले. शिस्तीचं राजकीय वजन किती असतं ते इथे दिसतं. त्याच दिवशी लेखी आश्वासन मिळालं, वनहक्क दाव्यांचा निपटारा सहा महिन्यांत. फेब्रुवारी २०१९ मध्ये तीच माणसं पुन्हा निघाली. मार्च २०२३ मध्ये पुन्हा, दिंडोरीहून, ती वाशिंदला थांबली.

लेखी होतं, मग अडलं कुठे? वनहक्काचा दावा ग्रामसभेची वनहक्क समिती, उपविभाग, जिल्हा अशा पायऱ्यांनी चढतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, मोजणी लागते. मंत्रालयातली सही ही सगळी यंत्रणा एका फटक्यात हलवत नाही. म्हणून आश्वासन घेताना मागणीपुढे चार रकाने आखा: कोणता अधिकारी (नाव नको, पदनाम), कोणत्या तारखेपर्यंत, शासन निर्णय लागणार की परिपत्रक पुरेल, आणि आढावा बैठक कधी. चौथा रकाना सगळे विसरतात.

उलट बाजूचं उदाहरण पाणी हक्क समितीचं. २००० नंतरच्या झोपड्यांना पाणी नाकारता येणार नाही असा उच्च न्यायालयाचा निकाल डिसेंबर २०१४ मध्ये मिळाला, आणि महापालिकेचं 'सर्वांसाठी पाणी' धोरण यायला मे २०२२ उजाडलं. साडेसात वर्षं. निकालानंतर घरी गेले असते तर तेही आलं नसतं.

जुना_कॉम्रेड

सगळं छान, पण यात क्रांती कुठे आहे? ही नागरी समित्यांची कार्यशाळा झाली. दोन सह्यांच्या खात्याने मालकी बदलत नसते.

लालबाग१९२८

@जुना_कॉम्रेड, १९२८ च्या कमिट्यांत पगाराच्या पावत्या आणि दंडाच्या नोंदी तपासणं हेच रोजचं काम होतं. समाजवादी क्रांतिकारक रोझा लक्झेंबर्गचा मुद्दाही हाच नाही का, की सुधारणांसाठीची रोजची झुंज हे साधन आणि क्रांती हे उद्दिष्ट, एक सोडून दुसरं धरता येत नाही. इटलीच्या मार्क्सवादी ग्राम्शीची आघाडीवरची (थेट हल्ल्याची) आणि खंदकातली (दमाने जागा धरण्याची) लढाई वाचणारा माणूस खंदक खणायला कंटाळतो, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. तुमचा आक्षेप मात्र सातव्या रविवारी जरूर मांडा, तो खोटा नाही. खंदकातच संसार थाटणारे पुष्कळ असतात.

जुना_कॉम्रेड

येतो. चहाची सोय बघा.

वाचनगट_परळ

मंडळी, अर्ध्याहून जास्त अभ्यासक्रम इथेच झाला. एक शेवटचं. अरेंटच्या त्या 'एकत्र बसून ठरवायच्या जागे'साठी क्षेत्रसभा, म्हणजे वॉर्डातल्या छोट्या भागाच्या मतदारांची सभा, दाखवता येईल का? आणि अर्जाचं राहिलंच, आमची दुसरी मंडळी सोडणार नाहीत.

नळजोडणी

क्षेत्रसभा दाखवा. २००९ साली राज्याने महापालिका कायद्यांत तरतूद केली, मुंबईत ती जमिनीवर उतरलेली दिसत नाही. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली, मग बराच काळ प्रशासक होता, म्हणजे २२७ नगरसेवकांची मधली पायरीही नव्हती. गाऱ्हाणं थेट वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर. जागा नसते तेव्हा काय होतं, याचं उदाहरण म्हणून चांगलं आहे.

अर्जाचं: दोन प्रती न्या, आवक-जावक विभागात द्या, टेबलावर 'साहेबांकडे ठेवतो' म्हणणाऱ्याकडे नाही. आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख तिन्ही हवं. नुसत्या शिक्क्यावर पुढे माहिती अधिकारात काही शोधता येत नाही. महिनाभर वाट पाहून १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या टेबलावर किती दिवस कोणती कार्यवाही झाली, टिपणीच्या प्रतींसह. 'का झाली नाही' असं विचारू नका, 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत आणि त्या एका शब्दावर अर्ज परत येतो. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. पाकिटावर 'पहिले अपील' ठळक लिहा, नाहीतर ते नव्या अर्जांच्या गठ्ठ्यात जातं.